धरणवाले विश्वेश्वरय्या माहीत आहेत, सांडपाणीवाले माहीत आहेत का?

दर वर्षी १५ सप्टेंबरला सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर एकच फोटो फिरतो. डोक्यावर म्हैसुरी फेटा, चष्मा, सडपातळ चेहरा आणि खाली हॅपी इंजिनिअर्स डे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे त्यांच्याबद्दल कुणाला विचारा, उत्तर साधारण दोन ओळींत संपतं: कृष्णराजसागर धरण बांधलं आणि भारतरत्न मिळालं. विदर्भातली पोरं ज्या व्हीएनआयटीत नंबर लागावा म्हणून दोन-दोन वर्षं क्लास लावतात, त्या नावातला पहिला व्ही त्यांचाच. १९६० मध्ये नागपूरला ते कॉलेज सुरू झालं, आणि १९६२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्याला त्यांचं नाव दिलं गेलं.

पण मित्रांनो, मला आज त्यांच्या धरणांबद्दल फारसं लिहायचंच नाही. या माणसाने नोकरीची पहिली चोवीस वर्षं कर्नाटकात नाही, तर मुंबई इलाख्यात काढली. नाशिक, धुळे, पुणे, सुरत, सिंध. आणि त्यातल्या काही वर्षांत त्यांचं अधिकृत पद होतं सॅनिटरी इंजिनिअर. म्हणजे गावाला प्यायचं पाणी कुठून आणायचं आणि वापरलेलं घाण पाणी कुठे न्यायचं, हे ठरवणारा सरकारी माणूस. आमच्या यवतमाळकडच्या भाषेत सांगायचं तर नालीवाला इंजिनिअर. स्टेटसवर ही गोष्ट कुणी टाकत नाही, म्हणून मी लिहितोय.

पुण्यातलं शिक्षण, खानदेशातली पहिली नोकरी

जन्म १५ सप्टेंबर १८६० चा, काही ठिकाणी १८६१ छापलेलं असतं. गाव मुद्देनहळ्ळी, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात. वडील संस्कृतचे जाणकार, घरची परिस्थिती बेताची, आणि मुलगा शाळेत असतानाच वडील गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या घेऊन खर्च भागवला आणि बी.ए. झाले. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि इंजिनिअरिंगसाठी ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच हे कॉलेज. १८८३ मध्ये शेवटच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. पोस्टिंग नाशिक, लगेच पुढे खानदेश.

१८८४ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर कोलकात्यात बसून कॉलऱ्याचा जंतू ओळखत होता. त्याआधी कॉलरा घाण वासामुळे, खराब हवेमुळे होतो असं मोठमोठे डॉक्टरही मानायचे. लंडनच्या जॉन स्नोने १८५४ मध्येच पाण्याकडे बोट दाखवलं होतं, पण ते पटायला तीस वर्षं गेली. म्हणजे विश्वेश्वरय्या नोकरीला लागले तेव्हाच जगाला पक्कं कळत होतं की माणसं मरतायत ती पाण्यामुळे, आणि वरच्या गावाची घाण खालच्या गावाच्या घशात जातेय म्हणून. त्यांच्या पुढच्या कामाकडे हे डोक्यात ठेवून बघा.

धुळ्याच्या बाजूला दातर्ती गावाजवळ पांझरेच्या खोऱ्यातल्या एका ओढ्याखालून पाइपचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. सायफन म्हणजे काय, तर कालव्याचं पाणी ओढ्याच्या या बाजूने पाइपात घालायचं, ओढ्याच्या खालून न्यायचं आणि पलीकडे पुन्हा वर काढायचं. पंप लागत नाही. अलीकडची पातळी पलीकडच्यापेक्षा थोडी उंच असली की पाणी आपल्या आपण चढतं. थिअरी सोपी आहे, पण भर पावसाळ्यात पुराच्या ओढ्यात पाया खणणं सोपं नाही. काम पावसानंतर करू, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं, वरिष्ठ नाराज झाले, आणि मग या नवख्या पोराने पावसातच ते पूर्ण केलं. पहिल्याच नोकरीत डेडलाइनवरून बॉसशी खटका उडण्याची परंपरा इतकी जुनी आहे, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

सक्कर: वाळूचा फिल्टर

माझ्या मते त्यांचं सगळ्यात भारी काम सिंधमधल्या सक्करचं आहे. कृष्णराजसागरपेक्षाही. ऐकून घ्या का ते.

सक्कर शहर सिंधू नदीच्या काठावर. त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यातच होतं. नदी एवढी मोठी की पाण्याला तोटा नाही, पण पाणी कायम गढूळ. चहासारखं. सगळ्यांना माहीत असलेला उपाय एकच होता: पाणी पंपाने टेकडीवर चढवायचं, तिथे वाळूचे मोठे फिल्टर बांधायचे आणि गाळून शहरात सोडायचं. प्रॉब्लेम हा की नगरपालिकेकडे फिल्टर बांधण्याइतके पैसे नव्हते. १८९४ च्या सुमारास काम विश्वेश्वरय्यांकडे आलं. त्यांनी फिल्टर बांधलेच नाहीत.

नदीच्या पात्रातच, काठाजवळ, त्यांनी एक विहीर खणली. त्या विहिरीत येणारं पाणी पात्रातल्या वाळूतून झिरपत येणार, म्हणजे गाळून येणार. विहिरीपासून काठापर्यंत जमिनीखालून बोगदा काढला आणि तिथून ते स्वच्छ पाणी पंपाने वर चढवलं. सगळ्या सिंधू नदीचं वाळवंटच त्यांनी फिल्टर म्हणून वापरलं, फुकटात. १८९५ मध्ये शहराला पाणी सुरू झालं.

तुम्ही म्हणाल यात नवीन काय, आपल्याकडे उन्हाळ्यात बायका पैनगंगेच्या, वर्धेच्या वाळूत झिरे खणून पाणी भरतातच की. अगदी बरोबर. तोच झिरा त्यांनी शहराच्या मापाचा केला. वाळूत नेमकं काय होतं तेही सांगतो. कणांमधल्या फटीत गाळ अडकतो हे दिसतं, पण खरं काम न दिसणारं आहे. वाळूच्या कणांवर जिवाणूंचा पातळ, बुळबुळीत थर बसतो. पाण्यातली सडकी घाण हे त्यांचं खाद्य. पाणी सावकाश झिरपत असताना ते ही घाण खाऊन टाकतात आणि रोगजंतूंनाही तग धरू देत नाहीत. सांडपाणी शुद्ध करणारा आजचा कुठलाही प्लांट घ्या, मुळाशी हीच युक्ती आहे: चांगल्या जिवाणूंना जागा द्या, वेळ द्या, हवा द्या.

पुढे १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवलं. अरबस्तानच्या टोकावरचं हे बंदर तेव्हा मुंबई सरकारच्या ताब्यात होतं. पाऊस नाही, नदी नाही, समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचं आणि प्यायचं. तिथे फिरून त्यांनी वर उत्तरेला, डोंगरातला पाऊस जिथे वाळूत मुरतो त्या कोरड्या नदीपात्रात विहिरी खणायचं सुचवलं. पुन्हा तोच सक्करचा झिरा. आणि त्याच अहवालात, पाण्याच्या बरोबरीने, जमिनीखालच्या ड्रेनेजची योजनाही दिली.

हे शेवटचं वाक्य घाईत वाचून पुढे जाऊ नका. पाणी आणि नाली त्यांच्या कागदावर एकाच कामाचे दोन भाग असायचे.

बरोबरीने का? एक छोटा हिशोब

भारतात पाणीपुरवठ्याची योजना करताना शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येतं असं मानतात. एक लाख वस्तीचं गाव घ्या, आपल्या जिल्ह्यातलं कुठलंही मोठं तालुक्याचं ठिकाण डोळ्यांपुढे आणा. रोज १३५ लाख लिटर पाणी आत आलं, तर रोज १०८ लाख लिटर घाण पाणी बाहेर पडणार. इंजिनिअर लोक याला १०.८ एमएलडी म्हणतात. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. टँकरच्या भाषेत, दहा हजार लिटरचे हजाराच्या वर टँकर, रोज, दिवाळीलासुद्धा.

हे जातं कुठे? उताराने. नाली, मग नाला, मग नदी. पुसदचं पूस नदीत, वणीचं निर्गुडेत. पूस पैनगंगेला मिळते, पैनगंगा पुढे वर्धेला, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही नळाखाली हात धुतले की ते पाणी शेवटी तेलंगण, आंध्रच्या बाजूला निघतं. मधे कितीतरी गावांच्या नळयोजनांच्या विहिरी त्याच पात्रात आहेत.

नदी थोडी घाण स्वतः पचवते, हे खरं आहे. स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. ही नदीची बॅटरी समजा. घाण आली की जिवाणू ती खायला लागतात आणि खाताना हा ऑक्सिजन वापरतात, बॅकग्राउंडला चालणाऱ्या अ‍ॅपसारखा. घाण किती ऑक्सिजन खाईल, त्या आकड्याला बीओडी म्हणतात. आंघोळीलायक नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. घरगुती सांडपाण्यात तो २०० ते ३०० असतो. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा बॅटरी मोठी असते, चार्जिंगही चालू असतं. मार्च ते जूनमध्ये आपल्या नद्यांत पात्राला धार उरत नाही, आणि जे वाहतं ते बऱ्याचदा वरच्या गावाचं सांडपाणीच असतं. तेव्हा बॅटरी शून्यावर जाते. मासे मरतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो. १९२५ मध्ये अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीवर अभ्यास करून घाण मिसळल्यावर ऑक्सिजन कसा खाली जातो आणि किती अंतरावर परत वर येतो याचं समीकरण मांडलं. आजही नदीचं मॉडेल शिकवताना सुरुवात तिथूनच होते. कोडिंग येत असेल तर करून बघा, वीस-पंचवीस ओळींचं काम आहे, आणि तुमच्या गावाचे आकडे टाकले की ग्राफ बघून झोप उडते.

पुणे, प्लेग आणि आपोआप उघडणारी दारं

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात. विश्वेश्वरय्या त्याच सुमारास बदली होऊन पुण्यात होते. न्यायमूर्ती रानडे, गोखले यांच्याशी त्यांची ऊठबस याच शहरातली. १८९८ मध्ये स्वतःच्या खर्चाने ते जपान बघून आले. परतल्यावर नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. वरच्या शेतकऱ्याने हवं तेवढं पाणी उपसायचं आणि शेपटीच्या गावाने कोरडं राहायचं, हे थांबवायला पिकांचे ब्लॉक पाडून पाळीपाळीने पाणी द्यायचं. वरचा आणि खालचा हे भांडण त्यांच्या कामात सारखं येतं, कधी पाण्याच्या वाट्यावरून, कधी घाणीवरून.

१९०१ मध्ये ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले, सॅनिटरी बोर्डाचे सभासदही. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर अशा शहरांच्या पाण्याच्या कामात त्यांचा हात आहे. सांडपाणी शुद्ध करण्याचं तंत्र तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होतं. शहराबाहेर शेतात सोडायचं, किंवा सेप्टिक टाकीत कुजवायचं, किंवा खडीच्या ढिगावरून ठिबकवायचं, एवढेच पर्याय. पण गंमत बघा, याच इलाख्यात, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ मध्ये सेप्टिक टाकीतून निघणारा गॅस गोळा करून वापरायला सुरुवात झाली होती. सांडपाण्यातून बायोगॅस ही आजच्या स्टार्टअपची आयडिया वाटत असेल तर सव्वाशे वर्षं मागे जा.

खडकवासल्याची दारं १९०३ ची. त्या वेळी त्या जलाशयाला लेक फाइफ म्हणत. धरण जुनं, पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट उंच पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात पुण्याला कमी पडायचं. भिंत उंच करायची तर खर्च आणि धोका. त्यांनी सांडव्यावर लोखंडी दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की पाण्याच्याच जोराने आणि प्रतिवजनाच्या तोलाने दार उघडायचं, पूर ओसरला की आपोआप बंद. साठ्याची पातळी सुमारे ८ फूट वाढली, पाणी जवळजवळ २५ टक्के जास्त साठलं. वीज नाही, सेन्सर नाही, रात्री दोन वाजता उठून चावी फिरवणारा माणूस नाही. मी रोज जे सॉफ्टवेअर लिहितो त्यात अमुक झालं की तमुक कर अशा अटी असतात. या माणसाने ती अट लोखंडात लिहिली. पेटंट घेतलं, पण सरकारी नोकरीत असताना केलेलं काम म्हणून मानधन घेतलं नाही. पुढे ग्वाल्हेरजवळ तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरवर तशीच दारं लागली.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. बऱ्याच सीनियर लोकांना ओलांडून वर गेले होते, पण चीफ इंजिनिअरची खुर्ची त्या काळी हिंदी माणसाला मिळणं अवघड होतं. कुरकुर न करता ते बाहेर पडले आणि परदेशच्या प्रवासाला निघाले.

हैदराबाद: पूर अडला, घाण अडली नाही

२८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसं वाहून गेली. निजाम सरकारने परदेशात असलेल्या विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि ते १९०९ मध्ये तिथे पोचले. त्यांच्याकडे तीन कामं होती: शहर पुन्हा उभं करायला मदत, पुन्हा असा पूर येऊ नये याचा उपाय, आणि संपूर्ण शहराची ड्रेनेज योजना.

पुरासाठी त्यांनी शहराच्या वर, मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन जलाशय सुचवले. उस्मानसागर १९२० मध्ये झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. शहराला शंभर वर्षं पाणीही त्यांनीच पाजलं. नदीच्या दोन्ही काठांना त्यांना बागा आणि फिरायला रस्ते हवे होते. त्यासाठी शहराची घाण नदीत पडता कामा नये. ती वेगळ्या नळांतून शहराबाहेर काढायची. म्हणजे ड्रेनेज आणि नदीकाठ या एकाच नकाशातल्या गोष्टी होत्या.

आज हैदराबादला जाऊन पुलावर उभे राहिलात तर नाकालाच कळतं. मुसी देशातल्या सगळ्यात घाण नद्यांपैकी एक आहे. शहराच्या खाली मैलोन्‌मैल त्या पाण्यावर पॅरा गवत पिकतं, ते म्हशी खातात आणि दूध शहरात परत येतं. जे धरण दिसतं, ज्याचं उद्घाटन होतं, ते बांधून झालं. जो पाइप जमिनीखाली गाडला जातो आणि ज्याच्यावर कुणाचं नाव कोरता येत नाही, तो शहराच्या वेगाने वाढलाच नाही. माझा राग विश्वेश्वरय्यांवर नाही, नंतरच्या शंभर वर्षांवर आहे.

म्हैसूरचा काळ तुम्हाला माहीत असतो, म्हणून भराभर सांगतो. १९०९ मध्ये चीफ इंजिनिअर, १९११ मध्ये कृष्णराजसागरचं काम सुरू, १९१२ ते १९१८ दिवाण. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना.

त्या दिवाणपदाच्या काळातली एक गोष्ट मात्र आपल्या विषयाची आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंचा गाळ वाढवायची आणि तोच गाळ पुन्हापुन्हा वापरायची पद्धत जाहीर केली. मराठीत तिला सक्रिय गाळ पद्धत म्हणतात. त्या दोघांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर. हे फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रोफेसर म्हणून आले. म्हणजे ज्या शोधावर आज जगभरातले एसटीपी चालतात त्याच्या मागचा माणूस आणि आपले दिवाणसाहेब एकाच गावात होते.

ती पद्धत अशी चालते. आधी जाळीने कपडे, प्लॅस्टिक, खर्रा-गुटख्याच्या पन्न्या अडवायच्या. मग टाकीत वाळू खाली बसू द्यायची, पुढच्या टाकीत जड घाण. उरलेलं पाणी मोठ्या टाकीत, तळातून हवेचे बुडबुडे. जिवाणू हवेवर आणि घाणीवर जोमाने वाढतात, त्यांचे गोळे होतात, पुढच्या टाकीत ते तळाला बसतात. वरचं निवळ पाणी बाहेर, तळाचे भुकेले जिवाणू परत मागच्या टाकीत कामाला. २५० चा बीओडी ३० च्या खाली येतो, नीट चालवलं तर १० पर्यंत. नदीला जे काम करायला कित्येक किलोमीटर लागतात ते इथे काही तासांत होतं. अट एकच, ब्लोअर बंद पडता कामा नये. वीज गेली किंवा बिल थकलं की जिवाणू गुदमरून मरतात आणि प्लांट म्हणजे नुसती काँक्रीटची टाकी उरते. छोट्या नगरपरिषदांत घोडं नेमकं इथेच पेंड खातं. बांधायला योजनेतून पैसे मिळतात, रोजच्या विजेला मिळत नाहीत.

म्हणून मला नागपूरच्या नीरीचं काम आवडतं. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत काढली आहे. खडी-मुरमाच्या वाफ्यातून सांडपाणी सावकाश सोडायचं, त्यात कर्दळ, बोरूसारखी झाडं लावायची. मुळांवर आणि खडीवर जिवाणू बसतात, मुळं हवा पुरवतात. वीज जवळजवळ लागत नाही, जागा मात्र जास्त लागते. जागा आपल्या तालुक्याच्या गावांत आहे. हे वाचताना सक्करची वाळू आठवली नाही तरच नवल.

आणि नागपूरनेच दुसरी बाजूही दाखवली. भांडेवाडीला शुद्ध केलेलं रोज १३० एमएलडी सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला द्यायचा करार झाला. तेवढं गोडं पाणी धरणात वाचतं. त्याच नागपूरची उरलेली घाण नाग नदीतून, कन्हानमधून वैनगंगेत जाते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. वरच्या शहराने काय केलं ते खालच्या भंडाऱ्याला प्यावं लागतं.

यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोहचं पाणी. २०१८ च्या उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी यायचा हे इथल्या कुणालाही विचारा. त्यानंतर बेंबळ्याचं पाणी हा इथला जिव्हाळ्याचा विषय झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण जेवढं पाणी आत येईल त्याच्या ८० टक्के बाहेर पडेल, हा वरचा हिशोब तिथेही लागू आहे. पाइपलाइनच्या बातमीखाली कमेंट टाकताना एसटीपीची क्षमता किती, तो चालू आहे का, हेही विचारत जा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, फी १० रुपये.

विश्वेश्वरय्या म्हातारपणीही स्वस्थ बसले नाहीत. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. १५ सप्टेंबर १९६० ला त्यांच्या शताब्दीचं पोस्टाचं तिकीट निघालं, ते हयात असताना. असा मान त्याआधी मिळाला होता आपल्या अण्णासाहेब कर्व्यांना, १९५८ मध्ये, तेही शंभर वर्षांचे असताना. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये, १९६२ साली, बंगळूरला विश्वेश्वरय्या वारले.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढतं, वेबसाइटवर पीडीएफ आहे, फोनवरही उघडते. बीओडी ३ च्या वर गेला की नदीचा तो पट्टा यादीत. २०१८ च्या यादीत देशात ३५१ पट्टे होते आणि त्यात सगळ्यात जास्त, ५३, महाराष्ट्रात. आपली वर्धा आहे, पैनगंगा आहे. धुळ्याची पांझरा आहे, जिच्या खोऱ्यात तेविशी-चोविशीतल्या त्या पोराने पावसात पाइप टाकला होता. आणि मुठा तर पहिल्याच वर्गात आहे, जिथे बीओडी ३० च्या वर असतो. मी पुण्यात राहतो. माझ्या फ्लॅटचं सांडपाणी त्याच नदीच्या खोऱ्यात उतरतं आणि पुढे भीमेतून उजनीला जातं. जायकाच्या प्रकल्पात पुण्यात ११ नवी शुद्धीकरण केंद्रं धरली आहेत, एकूण ३९६ एमएलडीची. माझ्या ऑफिसच्या वाटेवरच्या नाल्याचं पाणी त्यातल्या कुठल्या केंद्रात जाणार, ते मी नकाशावर शोधतोय.